उंदीरखान्यातला शास्त्रज्ञ

वरच्या मजल्यावर नवा राहायला आलेला तो मला पहिल्यांदा दिसला आमच्या जिन्यात. अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट, आणि पायरीवर लसूण सोलत बसलेल्या वहिनीला तो समजावत होता.

"चिनी झाडाचं मूळ आहे, वहिनी. त्याच्या अर्काने दुखणंही जातं, व्यसनही. उंदीर सुटले, मग दादा का नाही सुटणार?"

आम्ही त्याला शास्त्रज्ञ म्हणायचो. त्याला तो मान वाटे. काम मात्र उंदरांचे पिंजरे धुण्याचं आणि त्यांना खाणं घालण्याचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा; फरशी बसवणारा. पाठ गेली तेव्हापासून दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि आता गोळीशिवाय त्याचा दिवस जात नसे. त्या सुटाव्यात, एवढंच वहिनीला हवं होतं.

प्रयोगशाळेत दांडी दाबली की उंदराला नशेचा थेंब मिळे. पिंजऱ्यांच्या एका रांगेला मुळाचा अर्क टोचत, दुसरीला नुसतं मिठाचं पाणी. बाटल्यांवर फक्त खुणा. कोणती कशाची, हे नोंदी घेणाऱ्यांनाही कळू द्यायचं नाही, असा तिथला नेम. या महाशयांना मात्र कळलं! खालच्या रांगेतले उंदीर दांडीकडे फिरकत नव्हते, म्हणजे त्यांचीच बाटली औषधाची. ती त्याने खिशात घातली.

खरी गोष्ट अशी की वरच्या रांगेसाठी स्टूल ओढावं लागे. या आळशाने दोन्ही रांगांचं खाणं खालीच ओतलं होतं. ते उंदीर पोट तट्ट फुगवून झोपा काढत होते.

त्याच्या सांगण्यावरून भावाने गोळ्या एकदम बंद केल्या आणि त्या बाटलीतलं पाणी चमच्याने घेऊ लागला. दोन-तीन दिवसांत उलट्या, घाम, कण्हणं.

"अजून एक चमचा द्या, असर चढतोय," शास्त्रज्ञ म्हणाला.

वहिनीने चमचा फेकून दिला. "असर? जीव चाललाय त्यांचा! गाडी आण आधी!"

दवाखान्यात नेल्यावर भाऊ वाचला. खाण्याचा घोळ उघडा पडला आणि प्रयोग मात्र सगळा फुकट गेला. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई त्याला कामावरून काढताना एवढंच म्हणाल्या, "मिठाचं पाणी चोरणारा आजच पाहिला."

ढ मुलं मी जन्मभर शिकवली, त्यांचा कधी राग आला नाही. पण स्वतः न शिकता दुसऱ्याला शिकवायला बसणाऱ्या माणसाची मला शिसारी येते. हा तर अजूनही जिन्यात सांगतो, "बाटली जुनी निघाली हो."

भावाच्या गोळ्या आता डॉक्टर हळूहळू उतरवताहेत. शास्त्रज्ञ एका दुकानाबाहेर गाड्या लावून देतो, आणि वहिनी त्याच्याशी बोलत नाही.