फायलींची नाकाबंदी

आमच्या मॅडम कुठलीही फाईल आधी उपाशी ठेवायच्या. त्यांच्या टेबलावर एक जुना, जाडजूड लॅपटॉप असायचा. त्याचं वायफाय त्यांनी दुकानात नेऊन कायमचं काढून टाकलं होतं आणि वायरची खाच चिकटपट्टीनं बुजवली होती. क्लायंटला जाणारं प्रत्येक प्रेझेंटेशन पहिल्यांदा त्या लॅपटॉपवर उघडायचं, असा नियम. इंटरनेट नाही, ऑफिसचं नेटवर्क नाही, काहीच नाही. अशा अवस्थेत फाईल मुकाट उघडली आणि चित्रं, तक्ते जागच्या जागी दिसले, की मॅडम मान हलवायच्या. एखाद्या चित्राच्या जागी लाल फुली आली किंवा उघडताना फाईल जराशी घुटमळली, की म्हणायच्या, "ही कुणाला तरी हाका मारतेय. कुणाला ते शोधा, मग माझ्याकडे या." आणि फाईल परत.

त्यामुळे ऑफिसात त्यांचं नाव पडलं नाकाबंदी. तोंडावर मॅडम, पाठीमागे नाकाबंदी. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी फोनवर सांगत होता, की नाकाबंदीतून फाईल सुटली रे बाबा एकदाची. मॅडम बरोब्बर त्याच्या मागे उभ्या. बाहेर पडताना शांतपणे म्हणाल्या, "सुटली नाही, मी सोडली." त्या माणसानं पुढचे कित्येक दिवस जिना वापरला.

ऐरोलीच्या आयटी पार्कातलं आमचं ऑफिस लोकांना प्रेझेंटेशनं करून देतं. ज्यांना आपला धंदा मोठ्या कंपनीपुढे नीट मांडायचा असतो पण मांडता येत नाही, ते आमच्याकडे येतात. त्यांच्या जुन्या फायली येतात, आम्ही त्या झाडूनपुसून, नवे कपडे घालून परत देतो. भानगड अशी, की या फायली दिसतात तेवढ्या सरळ नसतात. कुणी एखाद्या साइटवरून चित्र उचलून चिकटवतो. बघणाऱ्याला वाटतं चित्र फाईलच्या आत आहे. पुष्कळदा आत चित्र नसतंच, नुसता त्याचा पत्ता असतो. मग फाईल उघडली रे उघडली, की ती त्या पत्त्यावर जाऊन चित्र मागते. कुणाला कळतही नाही. आपल्या घरी नेट असतं, चित्र येतं, सगळं छान. क्लायंटच्या बंदोबस्तातल्या खोलीत मात्र फाईल अडकते, नाहीतर त्यांचा कॉम्प्युटर बोंब मारतो, की ही बाई बाहेर कुणाशी तरी बोलायला बघतेय.

मॅडम ऐरोलीच्याच. टॉवरवाल्या ऐरोलीच्या नव्हे, खाडीकडच्या जुन्या गावातल्या, कोळ्यांच्या घरातल्या. कॉम्प्युटरची डिग्री घेतलेल्या, फर्डं इंग्रजी बोलणाऱ्या, कॉन्फरन्स कॉलवर परदेशी माणसाला गप्प करणाऱ्या. पण डोकं फिरलं की गाव जिभेवर यायचं. "हे कोनी केलंय? नाय, कारन नको, नाव सांगा." एवढं ऐकू आलं की अख्ख्या फ्लोअरवर माणसं उगाचच कीबोर्ड बडवायला लागायची. मी मूळचा साताऱ्याकडचा, कोपरखैरण्यात राहणारा आणि स्वभावानं तिरसट. माझं कुणाशी फारसं जमत नाही. या बाईशी जमलं, कारण ती माझ्यापेक्षा तिरसट होती आणि तिच्याकडे त्याला कारण असायचं.

रुजू झाल्यावर माझी पहिली फाईल त्यांनी परत केली तेव्हा मी वाद घातला होता. एका बँकेसाठीचं काम होतं. आकड्यांचा तक्ता फाईल उघडताना दरवेळी दुसऱ्या एका लॅपटॉपवरून नवे आकडे आणायला जायचा, आणि तो लॅपटॉप ज्याचा होता तो माणूस नोकरी सोडून गेला होता. मी म्हटलं, असू दे की, जुने आकडे दिसतायत ना, कुणाला काय फरक पडतो. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घर सोडून गेलेल्या माणसाची बेल किती वेळ वाजवणार? आत घेऊन ठेव ते आकडे आणि बेल बंद कर." मी धुसफुसत बसलो, आकडे आत घेतले, आणि फाईल पूर्वीच्या निम्म्या वेळात उघडली. मला राग आला तो त्याचाच.

त्यांची आई बाजारातून कोळंबी घेताना अख्खी पाटी उलटी करायला लावायची म्हणे. वरची सगळ्यांचीच चांगली असते, असं मॅडम सांगायच्या, आणि फाईलच्या पहिल्या चार पानांवर खूश होणाऱ्या आमच्या साहेबांकडे बघत सांगायच्या. हे साहेब म्हणजे ऑफिसचे मुख्य. माणूस वाईट नव्हता, पण क्लायंटपुढे आपली चूक कबूल करणं म्हणजे त्यांना साक्षात अपशकुन वाटायचा.

आणि मग एके दिवशी पावण्याचे सावंत आले. पावण्याच्या एमआयडीसीत त्यांचा रबरी सील करण्याचा छोटा कारखाना. मूळ कोकणातले, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आवाज बारीक. त्यांचं प्रेझेंटेशन आम्हीच नवं करून दिलं होतं आणि मॅडमनी ते नाकाबंदीतून सोडलं होतं. सावंत ते घेऊन एका मोठ्या औषध कंपनीत गेले. कारखान्याचा बहुतेक सगळा माल तिथेच जायचा. तिथे फाईल उघडली आणि पडद्यावर लाल इशारा आला, की ही फाईल एका धोकादायक पत्त्याशी संपर्क करू पाहतेय. मीटिंग तिथंच थांबली. कुणीतरी विचारलं, तुम्ही आमची माहिती बाहेर पाठवताय का? येत्या आठवड्यात एक संधी देतो, काय आहे ते सांगा, नाहीतर तुमचं नाव यादीतून काढू, असं ऐकून ते थेट आमच्याकडे आले होते. खुर्चीत बसायला सांगितलं तरी बसेनात. "एवढी वर्षं माल दिला," ते म्हणाले, "मला कुणी चोर म्हटलं नव्हतं हो."

मॅडमचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला बघितला. त्यांची नाकाबंदी चुकली होती.

साहेबांनी लगेच तोडगा काढला. फाईल आपल्या कारखान्यात आल्यावर बिघडली असं सावंतांनी तिकडे सांगायचं, आम्ही एक कोरी करकरीत फाईल देतो, विषय संपला. मॅडम म्हणाल्या, आधी ती कुणाला हाका मारतेय ते मला बघू दे.

यावेळी त्यांनी उपाशी लॅपटॉप बाजूला ठेवला. दुसरा घेतला, त्याला नेट दिलं आणि दारावर वॉचमन बसवावा तसा एक प्रोग्रॅम लावला. कुठलीही गोष्ट बाहेर जायला निघाली की तो थांबवून विचारणार, जाऊ देऊ का? फाईल उघडली. वॉचमननं विचारलं. पत्ता होता कुठल्याशा चित्रांच्या साइटचा. ती साइट कधीच बंद पडली होती आणि तो पत्ता भलत्याच कुणीतरी घेतला होता. म्हणून तिकडे लाल दिवा लागला.

पण ते चित्र होतं कुठे? बाहेरच्या जोडण्यांची यादी उघडली तर रिकामी. सगळी पानं एकेक करून बघितली, प्रत्येक चित्र आतलंच. मॅडमनी मग फाईल अर्धी केली. मागची पानं काढून टाकली, उघडली. वॉचमन ओरडला. उरलेल्यातली अर्धी काढली. ओरडला. असं करत करत सगळी पानं काढली. फाईल पूर्ण रिकामी, एक पान नाही, अक्षर नाही. उघडली. तरीही वॉचमननं विचारलं, जाऊ देऊ का? मी म्हटलं, भूत आहे मॅडम. त्या मात्र पहिल्यांदा हसल्या. पानांवर नाही म्हणजे पानांच्या मागे आहे, म्हणाल्या. प्रत्येक पानाला जो एकच साचा असतो, रंग, पट्टी, कोपऱ्यातला कंपनीचा लोगो, तो साचा त्यांनी उघडला. सगळं ठीक दिसत होतं. त्यांनी लोगो उचलून बाजूला सरकवला. त्याच्या खाली नखाएवढी एक चौकट होती, आणि चौकटीत लाल फुली.

सावंत टेबलाजवळ आले, वाकले, आणि त्यांचे कान लाल झाले. "तो आमचा गणपती," ते म्हणाले.

झालं होतं असं, की पहिलं प्रेझेंटेशन त्यांच्या मिसेसनी घरी बसून केलं होतं. गणपतीशिवाय कागद सुरू करायचा नाही ही घरची रीत, म्हणून त्यांनी नेटवरून एक सुंदर गणपती घेऊन प्रत्येक पानावर बसवला. पुढे त्या औषध कंपनीनं कळवलं, की प्रेझेंटेशनमध्ये देवदेवता नकोत. आता गणपतीला काढायचं कसं? हात होईना. मग त्यांनी त्याला बारीक केला आणि लोगोच्या मागे नेऊन ठेवला. कुणाला दिसणार नाही, पण पानोपानी असणार. आम्ही फाईलला नवे कपडे घातले ते वरून, साचा जुनाच ठेवला. उपाशी लॅपटॉपवर लाल फुली आलीही असेल, पण लोगोखाली कुणाला दिसणार?

साहेब खुर्चीतून जवळजवळ उडालेच. बघा, म्हणाले, म्हणजे चूक क्लायंटचीच आहे. सावंत खाली मान घालून उभे. मॅडमनी लॅपटॉप अर्धा मिटला.

"चित्र त्यांनी ठेवलं. फाईल मी सोडली. आणि सोडायची की नाही हे बघायलाच ते आपल्याकडे येतात. तिकडे मी स्वतः जाऊन सांगणार हाय."

साहेब म्हणाले, तिथे जाऊन असं सांगितलंत तर या टेबलावर परत बसू नका. हे त्यांनी रागात म्हटलं, पण म्हटलं. मॅडमनी ऐकलं आणि सावंतांकडे वळून विचारलं, गणपती काढू का? सावंतांना हो म्हणवेना, नाही म्हणवेना. तेव्हा मॅडमनीच विचारलं, फोनमध्ये घरच्या गणपतीचा फोटो आहे? होता, मागच्या वर्षीचा, केवड्यासकट. मॅडमनी तो फोटो फाईलच्या आत घेतला, नखाएवढा केला आणि त्याच जागी बसवला. "देवाला परक्याच्या घरून कशाला बोलवायचं? आपलाच असू दे." फाईल उघडली. वॉचमन गप्प. पुन्हा उघडली. गप्प. त्या दिवसानंतर आमच्याकडे प्रत्येक फाईल दोनदा उघडतात, एकदा उपाशी आणि एकदा वॉचमन लावून.

मीटिंगला मॅडम गेल्या. मीही गेलो, कुणी बोलावलं नव्हतं तरी. त्या कंपनीचा कॉम्प्युटरवाला अधिकारी तोंड आवळून बसलेला. त्यानं फाईल आपल्या मशीनवर उघडली आणि आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. इशारा आला नाही. मग त्यानं विचारलं, मागच्या वेळी ही कुणी तपासली होती? सावंतांनी तोंड उघडलं, बहुतेक स्वतःवर घ्यायला. त्याआधी मॅडम बोलल्या.

"मी. साच्यात बघायचं राहिलं माझ्याकडून. यांनी तुमचं काही बाहेर पाठवलेलं नाही. एक चित्र बाहेरून येत होतं, ते आता आत आहे. कुठलं ते दाखवते."

आणि त्यांनी सगळ्यांसमोर साचा उघडून लोगो बाजूला सरकवला. केवड्यातला तो इवलासा गणपती मोठ्या पडद्यावर आला. आणि देव नकोत हा तर त्या कंपनीचाच नियम होता. अधिकाऱ्यानं खुर्ची पुढे ओढून बघितलं. म्हणाला, लोगो होता तिथे ठेवा. मग सावंतांना म्हणाला, सुरू करा. सावंतांनी असं खणखणीत प्रेझेंटेशन दिलं, की हाच का तो बारीक आवाजाचा माणूस, असं वाटलं. त्यांचं नाव यादीत राहिलं.

साहेबांनी मात्र शब्द पाळला. तपासणीचं टेबल मॅडमकडून काढून त्यांना ट्रेनिंगला टाकलं. मॅडमनी वाद घातला नाही, राजीनामा दिला. मला भयंकर राग आला होता, त्यांच्यावरही. म्हटलं, कशाला बोललात, काम तर झालंच असतं. म्हणाल्या, काम झालं असतं, पण सावंत आयुष्यभर मान खाली घालून त्या दारातनं आत गेले असते. त्या आता वाशीला स्वतःची शिकवणी चालवतात, आणि जोरात चालवतात.

मॅडमच्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी सावंत पेढे घेऊन आले. निरोपाचा केक कापून झाला होता, साहेबही हजर होते. सावंतांनी विचारलं, मॅडम, आता आमच्या फायली कोण बघणार? टेबल तेव्हा माझ्याकडे आलेलं होतं. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं, साहेबांच्या देखत.

"हा बघंल. चुकला तर स्वतः येऊन सांगंल तुमाला, लपवनार नाय."

पर्स खांद्याला लावून त्या निघून गेल्या, आणि माझी खोटं बोलायची सोय कायमची गेली.