डावीकडे, बेटा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी सांगत फिरतो, आणि सांगणारच. पण ती पायरी दोन वर्षं बाबांचा हात धरून चढलो, हेही खरं. मला जन्मापासून फक्त उजेड आणि अंधार कळतो. बाबा सदरला ऑटो चालवायचे. सकाळी मला सोडायचे, संध्याकाळी न्यायचे. फाटकापासून वर्गापर्यंत त्यांचं एकच चालू, "डावीकडे बेटा, आता उजवीकडे." एकटा जातो म्हटलं की म्हणायचे, "काहून? लोकांनी हसावं म्हणून? ज्या दिवशी माझ्या पोरावर लोक हसले, त्या दिवशी कॉलेज बंद."

कॉलेजच्या खेळखोलीत कॅरम होता, टेबल टेनिस होतं, आणि कोपऱ्यात मारामारीच्या व्हिडिओ गेमचे दोन स्क्रीन. खोली सांभाळणाऱ्या सीनियर दीदीने एकदा माझ्या कानांवर हेडफोन चढवला. "नुसता बसून काय राहतो? ऐक." प्रत्येक लाथेचा, उडीचा आवाज वेगळा. समोरचा डावीकडे असला की डाव्या कानात, उजवीकडे गेला की उजव्या. हळूहळू मी डोळसांना पाडायला लागलो. बाबांना सांगितलं, कॉम्प्युटर शिकून राहिलो.

वार्षिक स्पर्धेत दीदीने माझं नाव सगळ्यांच्यातच टाकलं, वेगळ्या गटात नाही. हॉलमध्ये गर्दीचा नुसता कल्ला. एवढ्या गोंगाटात हेडफोन काय करणार? मी हवेत लाथा मारणार, आणि लोक हसणार.

समोरचा पोरगा म्हणाला, "भाई, मैं छोडूँगा नहीं."

"छोडना भी मत," मी म्हणालो.

दीदीने माइकवर सांगितलं, "सब शांत रहिए. ये सुनके खेलता है." हॉल गप्प झाला. त्या शांततेत मागच्या दाराकडून ओळखीचा खोकला आला. बाबा. मला न्यायला लवकर आले होते.

पहिली फेरी मी मारली. दुसरीत कोपऱ्यात अडकलो, तसे बाबा ओरडले, "डावीकडे बेटा, डावीकडे!" कान सांगत होते, तो उडी मारून उजवीकडे गेलाय. पण लहानपणापासूनची सवय. बोटं डावीकडेच वळली. पाठीत लाथ बसली, फेरी गेली. आख्खा हॉल हसला.

संपलं, मला वाटलं. कॉलेजच संपलं.

तिसऱ्या फेरीत बाबा पुन्हा ओरडले. पण या वेळी मी कानांचं ऐकलं, बाबांचं नाही. जिंकलो. पुढचा सामना हरलो, तेही सांगून टाकतो.

बाबांनी ऑटो काढला. नेपियर टाउन मागे पडल्यावर म्हणाले, "लोक हसले."

मी मांडीवरची घडीची काठी उघडायला-मिटायला लागलो.

"माझ्यावर हसले ना?"

"हो, बाबा."

"तिसऱ्या टायमाला माझं काहून नाही ऐकलं?"

"तुम्ही सांगेपर्यंत तो सरकून जात होता."

घर आलं. मग इंजिन बंद करून एवढंच म्हणाले, "चलो, उद्या एकटा जा."

ज्यासाठी दोन वर्षं भांडलो, ते मिळालं. सकाळी विजय नगरच्या चौकात काठी टेकून उभा राहिलो. दोन्ही कानांत हॉर्न. इथे कुणी कुणाला शांत रहिए म्हणणार नव्हतं. मागे, बऱ्याच अंतरावर, तोच खोकला. पण पुढे शब्द आला नाही, ना डावीकडे, ना उजवीकडे. मी काठी पुढे केली.