विचुंब्याच्या आंब्यावरची पिंगळ्याची पिल्लं

मंडळी, सकाळी आपल्या ग्रुपवर आलेला पिंगळ्याच्या पिल्लांचा फोटो पाहिलात ना? घुबडाची इवलीशी दोन पिल्लं, एकमेकांना चिकटून बसलेली, मध्ये एकही पान नाही. मीच पहिली कमेंट टाकली, "काय क्लीन फ्रेम आहे!" आणि ऑफिसला दांडी मारून थेट विचुंबे गाठलं.

आंब्याखाली पोचलो तर वर कावळ्यांचा नुसता गोंगाट. फोटोतली फांदी रिकामी होती. पिंगळ्याची जोडी विजेच्या तारेवर बसून किंचाळत होती. खाली तोडलेल्या डहाळ्यांचा ढीग पडला होता, पानं अजून हिरवी.

आंबा ज्यांच्या अंगणात आहे त्या काकू ओट्यावर बसल्या होत्या. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून म्हणाल्या, "आता कशाचा फोटू काढताव? कावल्यांनी नेली दोनी पिल्लं."

"फांद्या कोणी तोडल्या, काकू?"

"काल तुमच्यासारखेच कॅमेरेवाले आलेले. कोयता मागितला. मना वाटला पिल्लांच्या भल्यासाठीच असंल." मग हळूच म्हणाल्या, "मीच दिला रं कोयता."

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि तसाच परत आलो.

त्या फोटोवर अजून लाइक्स पडतायत. सगळ्यात वर माझीच कमेंट आहे. कोयता कशासाठी हवाय हे काकूंना ठाऊक नव्हतं. पण आपण तर इतकी वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतोय. भर आंब्यात बसलेल्या पिल्लांसमोरची पानं गेली कुठे, हे आपल्यातल्या एकानेही का विचारलं नाही?