विमानात एकदाच विचारतात

आबा उजव्या हाताने जेवायचे आणि डावा हात ताटावर छत्रीसारखा धरायचे. वाढपी चार पानं लांब असतानाच तो हात वर यायचा. "नको, नको. जागा नाही आता." पण बोटं अशी फाकलेली असायची की मधून आख्खी जिलेबी आत जावी. ज्याला ती फट दिसायची तो आबांच्या लेखी शहाणा वाढपी. ज्याला दिसायची नाही, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार पंगत उठायच्या आत व्हायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आमच्या खानदेशात पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस उपाशी घरचा समजतात. पहिलं नको हे रीतीचं, दुसरं लाजेचं. तिसऱ्या वेळी यजमानाने हात धरायचा, शपथ घालायची, मग पाहुण्याने "बरं, अर्धी" म्हणायचं आणि दोन खायच्या. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आबांनी मात्र त्याचा तराजू केला होता. कोणाकडे किती आग्रह झाला हे त्यांना दहा वर्षांनीही आठवायचं आणि त्यावरून ते माणसाची किंमत ठरवायचे. स्वतः वाढायला उभे राहिले की साखरेचा आजार असलेल्याच्या वरणातही लाडू सोडायचे आणि वर म्हणायचे, "मेला तर माझ्याकडचं खाऊन मेला म्हणतील."

जळगावात बाजार समितीच्या रस्त्याला त्यांचं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान होतं. कंपनीशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायला त्यांनी मला ठेवलं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील त्याच बाजारात हमाल. आबांच्या शेतातल्या कापसाची गाठोडी त्यांनी पाठीवर वाहिली होती. हे मी लपवत नाही, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

नोकरी लागली म्हणून वडिलांनी आबांना घरी जेवायला बोलावलं. आईने वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या केल्या. आबांनी पहिली पुरी संपवली आणि हात आडवा धरला. वडिलांनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, आणि थांबले. मोठ्या माणसाने नाही म्हटलं म्हणजे नाही, त्याच्या हाताला आपण काय हात लावायचा, असं त्यांना वाटलं. आबा उठले, पान खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी भर बाजारात म्हणाले, "काल मी उपाशी झोपलो. हमालाला आग्रह कुठून कळणार?" वडील तेव्हा समोरच पोतं उचलत होते. त्यांनी पोतं उचललं.

पुढे नव्वद सालानंतर ठिबकला दिवस आले. जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना कंपनीने इस्रायलची शेती बघायला न्यायचं ठरवलं. सगळ्यांची तिकिटं साधी होती. फक्त आपल्या भागातल्या दोघांना पुढच्या, भारी भाड्याच्या वर्गात बसवणार होते. एक आमचे आबा, दुसरे धुळ्याचे एक दुकानदार, ज्यांना सगळे नाना म्हणत. त्या वर्गात खुर्ची पलंगाएवढी असते आणि जेवण आपल्या पसंतीचं मिळतं, हे मी कॉलेजच्या वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं होतं. ते मी आबांना समजावून सांगितलं. बाई येईल, तीन-चार पदार्थांची नावं घेईल, आपल्याला हवा तो सांगायचा आणि 'यस प्लीज' म्हणायचं.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या हातात कटोरा दिला.

"पहिल्याच विचारण्याला? मी भिकारी आहे का?"

"आबा, विमानात एकदाच विचारतात."

"एवढं भाडं घेतात आणि आग्रह करत नाहीत? पुस्तकातलं सांगू नको मला."

त्यांनी 'नो थँक्यू' तेवढं पाठ केलं. आठवडाभर गिऱ्हाइकांसमोर गल्ल्यावर डावा हात आडवा धरून ते नो थँक्यू, नो थँक्यू म्हणत होते.

परत आले ते निम्म्या जळगावाला जेवणाचं वर्णन सांगत. शेतीचं फारसं नाहीच. समोर पांढरंशुभ्र कापड अंथरतात. पाव गरम असतो आणि चिमट्याने वाढतात. सूप वेगळं, फळं वेगळी, काचेच्या ताटल्या. मासा, कोंबडी आणि आपल्यासारख्यांसाठी शाकाहारी, त्यातही दोन प्रकार, निवडायचा अधिकार आपला. पदार्थांच्या नावांचं जाड, चकचकीत कार्ड त्यांनी घरी आणलं होतं. ते मला मराठीत वाचून दाखवावं लागे. एकदा त्यांनीच मला विचारलं, "ते चीज म्हणजे गोड असतं का?" मी ते कधी खाल्लेलं नव्हतं. त्यांनी खाल्लेलं होतं, तरी विचारत होते. ते माझ्या ध्यानात राहिलं.

त्यानंतर कोणाच्या घरचं अन्न त्यांना चालेना. पिंप्राळ्यात एका लग्नात त्यांनी मुलीच्या बापाला पंगतीत बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "भाऊ, विमानात असं वरण मागच्या लोकांनाही देत नाहीत. तिथे निवड असते. तुमच्याकडे शिजलं ते आपटलं." म्हातारा हात जोडून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. आबांनी ढेकर दिली. त्या पंगतीत मी होतो, तुम्ही असतात तर तुम्हीही तो दिवस विसरला नसतात.

मग पारोळ्याचं लग्न आलं. वरणबट्टीची पंगत, दोन्हीकडे माणसं. आबांनी विमानाची गोष्ट लावली. समोरच्या रांगेत धुळ्याचे नाना बसले होते. आबांना ते दिसलेच नव्हते. नाना बट्टी कुस्करत होते. ते मान वर न करता म्हणाले, "आबा, खरं सांगी टाकू का?"

आबा थांबले.

"यानी बठ्ठा रस्ता पानी पिधं," नाना रांगेला म्हणाले. "ती बाईनी एकदाव इचारं, हाऊ म्हणे नो थँक्यू. ती चालनी गई."

मग आबांनी सगळा रस्ता नुसत्या पाण्यावर कसा काढला, ते नानांनी सविस्तर सांगितलं. बाई गाडी घेऊन पुढे गेली. आबा तिच्या पाठीकडे बघत राहिले, आता वळेल, मग वळेल. ती वळली ती नानांना आणखी पाव द्यायला. आबांनी रुसून डोळे मिटले, कोणी उठवेल म्हणून. बाईला वाटलं झोपले. तिने हलक्या हाताने खिडकीची झडप खाली ओढली आणि त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. दुसऱ्या खेपेला खाणं आलं तेव्हा झोपमोड नको म्हणून तिने त्यांना विचारलंही नाही. आबा पांघरुणाखाली जागे होते. नानांना ते कळत होतं. तुम्ही का नाही सांगितलं, असं कोणी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "कसाले सांगू? माले गंमत वाटे." त्यांनी आबांच्या वाटचं फळही मागून घेतलं होतं.

पंगत हसली नाही. ती वाट बघत होती. जिलेबीचं ताट घेऊन वाढपी आला. आबांचा डावा हात सवयीने वर गेला.

"नो थँक्यू का, आबा? बरं," असं म्हणून वाढपी पुढे गेला.

तेव्हा सगळे हसले. पार मांडवाच्या दारापर्यंत हसले.

अमळनेरपासून धुळ्यापर्यंत ही गोष्ट एका लग्नसराईत पोचली. आबा पंगतीत बसले की वाढपी एकमेकांना खुणावत. हात वर गेला की "बरं आबा" आणि पुढचं पान. सगळे अगदी अदबीने. कोणी थट्टा केली असं म्हणायला जागाच नाही, कारण ते स्वतःच नको म्हणत होते. हात बाजूला घेऊन एकदा "वाढ" म्हणाले असते तर पोटभर मिळालं असतं. पण तो एक शब्द त्यांच्या तोंडून निघेना. आणि लग्नाला न जाणं म्हणजे हरणं. म्हणून ते जायचे, बसायचे, पहिल्या वाढीतली बट्टी चिवडायचे आणि रांगेबरोबर उठायचे. अंगाने मोठा माणूस होता, डझनभर लग्नांत सदरा ढिला झाला.

माझ्या बहिणीच्या लग्नात आबा आले. हमालाच्या मांडवात ते येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. आबांनी हात आडवा धरला. वाढपी "बरं आबा" म्हणून सरकला. मग माझे वडील स्वतः जिलेबीचं ताट घेऊन आले. त्या भरताच्या दिवसापासून त्यांच्या मनात एक गोष्ट होती.

"घ्या आबा, एक तरी घ्या. मागच्या वेळी माझं चुकलं," ते म्हणाले.

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"नको," आबा म्हणाले.

वडील खाली बसले. आग्रह शिकल्यासारखा त्यांनी पुरा केला. मुलीची शपथ घातली, आबांचा हात धरून बाजूला करू लागले. ते जितकं कळवळून बोलत, तितकी माणसं जास्त हसत. वडिलांना थट्टा करता येत नाही हे मला ठाऊक होतं. आबांना ठाऊक नव्हतं. त्यांना आता कोणाचाही आग्रह खरा वाटत नव्हता.

"हमाला," ते हळू आवाजात म्हणाले, "तूही?"

त्यांनी हात झटकला. जिलेबी मातीत पडली. पंगत बसलेली असताना मधून उठू नये, ते उठले. नळावर जाऊन त्यांनी हात धुतला. हाताला काही लागलेलंच नव्हतं, कोरडाच हात धुतला आणि निघून गेले.

संध्याकाळी वडिलांनी मला विचारलं, "आणखी कितीदा म्हणायला पाहिजे होतं रे?" मी म्हटलं, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत.

त्यानंतर आबा कोणाच्याच लग्नाला गेले नाहीत. त्यांच्या नावाचा आहेर घेऊन मी जायचो. त्यांच्या नावाने बसायचो म्हणून मला दुप्पट आग्रह व्हायचा. मी पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचो आणि पोटभर जेवायचो. लोक माझ्याकडे बघायचे. बघू द्या.

परत आलो की आबा गल्ल्यावरून मला सगळं विचारायचे. वाढपी किती होते, यजमान स्वतः फिरला का, तुपाला कितीदा आला. कमी झालं असलं की खूश व्हायचे. "हलकी माणसं," म्हणायचे. जास्त झालं असलं की वही उघडून हिशेबाला लागायचे. मी कधी वाढवून सांगितलं नाही, कमीही केलं नाही.

शेवटच्या वर्षी मी एका कॉलनीतल्या लग्नाहून आलो. तिथे पंगतच नव्हती. जळगावात ती पद्धत तेव्हा नवी होती. मी आबांना सांगितलं, की टेबलांवर भांडी मांडलेली असतात, चार भाज्या, दोन गोड. आपलं ताट आपण घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, पाहिजे ते पाहिजे तेवढं वाढून घ्यायचं आणि उभ्यानेच खायचं.

"वाढपी?"

"वाढपी नाहीत."

"यजमान?"

"तो दुसऱ्या टोकाला फोटो काढत होता."

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग नको कोणाला म्हणायचं?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं. "विचारतच नाही कोणी."

आबांनी खणातून पुढच्या लग्नाची पत्रिका काढली आणि न उघडताच, यजमान कोण हेही न बघता, माझ्याकडे सरकवली.