मामाचे उपास

आमचा मामा बोलताना कधी माणसाच्या डोळ्यांकडे बघायचा नाही, तोंडाकडे बघायचा. नवखा माणूस बिचकायचा, ओठाला काही लागलंय का म्हणून पुसून घ्यायचा. ती मामाची धंद्याची खोड होती. मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात तो छोटी गाडी ढकलत गिऱ्हाइकाच्या टेबलापाशी जायचा आणि त्याच्या डोळ्यांदेखत दगडी खलात ग्वाकामोले, म्हणजे ॲव्होकाडोची मेक्सिकन चटणी, करून द्यायचा. "पहिला घास गेला का तोंड बघायचं. माणूस खोटं बोलंल, जबडा नाय बोलत," असं त्याचं म्हणणं होतं.

करोनात मामा आजारी पडला. तो उठेपर्यंत हॉटेलातली नोकरी गेली होती. मग आसनगाव ते मुंबई हा रोजचा प्रवास संपला आणि तो कायमचा सापगावच्या घरी बसला. मामी लवकर गेलेली, पोरबाळ नाही. जेवायला तो शहापुरात आमच्याकडे, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीकडे यायचा. येताना कधीमधी कल्याणहून कोणाकडून तरी मागवलेले ॲव्होकाडो घेऊन यायचा. आईला त्या फळाचं कौतुक नव्हतं.

"याला ना वास, ना चव. खायचं कशाला?"

"ताय, भाताला तरी कुठं चव अस्ते? चव आपन घालायची."

फळ हातात आलं की तो देठाचा बारकासा तुकडा नखाने उडवायचा. खाली हिरवं दिसलं तर ठीक, तपकिरी दिसलं तर फळ आतून गेलं. खलात आधी कांदा, मिरची, कोथिंबीर आणि मीठ रगडायचं, त्याला पाणी सुटलं की मग गर घालायचा. तोही अर्धवटच चेचायचा. "लगदा करशील तर तान्ह्या पोराला भरव, मानसांपुढं नको ठेवू," हे मी किती वेळा ऐकलं असेल. शेवटी बिया काढलेला टोमॅटो आणि लिंबू. आधी करून ठेवायचं नाही, काळं पडतं. खाणारे बसल्यावरच करायला घ्यायचं. आमच्याकडे चिप्स कुठले? तांदळाच्या भाकरीचे तुकडे तव्यावर कडक करून आम्ही त्यांच्याबरोबर ते खायचो, आणि नावं ठेवणारी आई सगळ्यात जास्त खायची.

घरी बसल्यापासून मामा देवभोळा झाला होता. निदान आम्हाला तसं वाटत होतं. ज्या दिवशी तो काही करायला घेई, नेमका त्याच दिवशी त्याचा उपास निघायचा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. त्यातलं काही नसेल तर "नवस हाय" म्हणायचा. उभ्या जन्मात ज्याने साधी आषाढी पाळली नव्हती, तो असा बदलला म्हणून आई शेजारणींना कौतुकाने सांगायची. चाखायचं काम माझ्याकडे आलं.

"सांग गो, काय कमी हाय?" चमचा माझ्यापुढे धरून तो विचारायचा.

"मीठ चिमूटभर. लिंबू बास."

"शाब्बास! तुझी जीब तयार होतेय."

मी फुशारून जायची. मामा मला शिकवतोय, असं कॉलेजातल्या मैत्रिणींना ऐटीत सांगायची.

मग मुरबाडकडच्या एका फार्महाउसवरून निरोप आला. मुंबईच्या एका बाईंना शनिवार-रविवारसाठी आचारी हवा होता. येत्या रविवारी त्यांच्याकडे पाहुणे होते; तेवढं जेवण निभावलं की काम पक्कं. ग्वाकामोले मात्र हॉटेलातल्यासारखं, सगळ्यांसमोर झालं पाहिजे. मामाने ट्रंकेतला पांढरा कोट काढला, इस्त्री केला आणि चिराचिरीला हात हवा म्हणून मला सोबत घेतलं. जाताना वाटभर तो गुणगुणत होता. रिकामं बसून त्याचा जीव किती कोंडला होता, ते मला त्या दिवशी दिसलं.

व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. मामाने रगडायला सुरुवात केली आणि बाईंनी मला आतून बर्फ आणायला पाठवलं. तेवढ्यात एका पाहुण्याने हॉटेलची चौकशी केली आणि मामा खुलला. बोलण्याच्या नादात, आधी मीठ घातलंय हे विसरून त्याने पुन्हा मूठ सोडली. हे मला त्याने नंतर सांगितलं. मी बर्फ घेऊन बाहेर आले तेव्हा वाट्या पाहुण्यांपुढे गेल्या होत्या.

पहिल्या पाहुण्याने घास घेतला आणि तो चावायचाच थांबला. त्याच्या बायकोने तोंडातला घास हळूच कागदी रुमालात काढला. मामा दोघांकडे टक लावून बघत होता.

"काका, जरा चाखून बघता का?" बाई म्हणाल्या.

"आज उपास आहे माझा, मॅडम."

बाई गोंधळल्या. "पण मघाशी तुम्ही माळीदादांबरोबर वडापाव खात होतात ना?"

कोणीतरी फिसकन हसलं. मामाचे कान लालबुंद झाले. त्याने चमचा उचलला, काठोकाठ भरून तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर सावकाश चावून गिळला.

"बरोबर आहे की," तो म्हणाला. मग त्याने आणखी एक चमचा खाल्ला. "लिंबू जरा कमी असेल."

आता कोणी हसत नव्हतं. मी वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझं तोंड आपोआप वाकडं झालं. नुसतं मीठ! वर बघितलं तर मामा माझ्याच तोंडाकडे बघत होता. त्याला कळलं, आणि मलाही कळलं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. भर टेबलापाशी, कडक इस्त्रीच्या कोटात, माझा मामा खोटारडा ठरला होता. आणि माझी जीभ तयार वगैरे काही होत नव्हती, तो ती उसनी घेत होता, हे त्याच्या शेजारी उभं राहूनही मला समजलं नव्हतं. आजही त्या प्रसंगाची आठवण आली की माझे कान तापतात.

परतताना एसटीत मामा खिडकीकडे तोंड करून बसला. तसाच बाहेर बघत बोलला, "त्या आजारात गेली ती परत आलीच नाय गो. वास पन नाय. बोंबील खाल्ला काय, कापूस खाल्ला काय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोनाला सांगू? आचाऱ्याला चव कळत नाय, हे तोंडानं बोलायचं कसं? लाज वाटं." आणि मग, "तायला नको सांगू."

घरी आईने ताट वाढलं. भात आणि बोंबलाचं कालवण. "कसं झालंय रे?"

"झ्याक," मामा म्हणाला. पण त्याचा हात ताटातच थांबला. "ताय, मला कळत नाय."

"काय कळत नाय?"

"चव."

आईने त्याला आणखी थोडा भात वाढला. "ठाऊक हाय मला. मागं एकदा कालवनात मीठ टाकायचीच विसरली मी. तू एकटाच जेवलास, दोन वाट्या प्यालास आनि झ्याक बोललास."

"मंग बोलली का नायस?"

"तू लपवीत होतास. मी कशाला उघडं पाडू तुला?"

मामाने मान जी खाली घातली, ती जेवण संपेपर्यंत वर केली नाही.

फार्महाउसवरून पुन्हा फोन आला नाही. मामाने खल आमच्याकडे आणून ठेवला तो ठेवलाच. पुढच्या पावसाळ्यात तो झोपेतच गेला. पण तोवर तो रोज आमच्याकडे जेवत होता, आणि आई तिचं ताट घेऊन त्याच्या समोर बसायची. त्याच्याबरोबरच घास घ्यायची आणि त्याला सांगायची, "चिंच लागतेय बघ. आता मागून मिरची येल."

मामा मान खाली घालून चावत राहायचा. मग हळूच म्हणायचा, "हां. आली."