मेंढराच्या पुडीतलं खमीर

मुंजाजी माझा पाठचा भाऊ. आख्ख्या शिरूर कासार तालुक्यात मेंढरांमागं त्याच्यासारखा गडी असंल तर आणून दाखवा. गावोगावची माणसं आजारी मेंढरू आणून त्याच्या दारात बांधत्यात. कळप त्याच्या एका शिट्टीवर वळतो.

पण बायकोच्या कॅन्सरनं ह्यो गडी पार शिणून गेला. सिंधुबाईच्या छातीत गाठ निघाली, तवापासून अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या खेपा सुरू. एसटीत तिचं डोकं खांद्यावर, पिशवी पायात. केमोची सुई लागली की घरी येऊन ती भिंतीकडं तोंड करून पडून राह्यची. त्यात तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. डॉक्टरीणबाईंनी सुई पुढं ढकलली. पुढच्या खेपंला गेले, तवाबी ढकलली. मुंजाजीला एकच घोर, सुई थांबली म्हणून गाठ थांबणार हाय व्हय?

तिथंच बाकड्यावर चकलांब्याचा माणिकराव भेटला. त्याचीबी बायको त्याच दुखण्याची. त्यानं गोळ्यांची एक डबी दाखवली.

"बीटा ग्लुकॅन. ताकद येती, रक्त सुधारतं म्हणत्यात."

"कशाचं असतंय ह्ये?"

"यीस्टपासून काढत्यात. खमीर बे, खमीर! पावात घालत्यात त्ये."

मुंजाजीच्या डोक्यात लख्ख पडलं. मेंढरू चारा सोडून बसलं, रवंथ थांबली, की त्यो पेंडीच्या दुकानातली एक पुडी पाण्यात कालवून पाजायचा. तिच्यावर यीस्टच लिहिल्यालं. मेंढरू परत उभं राहून चरायला लागायचं. मेंढराला उठवतंय, त्ये माणसाला कावून न्हाई उठवणार?

घरी आल्याबरोबर त्यानं त्या पुडीतलं चमचाभर ताकात कालवलं. सिंधुबाईनं वास घेतला.

"आवं, ह्ये तर मेंढराचं हाय!"

"पी गुमान."

"उद्या कान टोचून बिल्लाबी लावताल मला."

"लावीन. हरवायची तरी न्हाईस."

ती हसली, नाक दाबून प्याली. मग रोजच प्याली.

पुढच्या खेपंला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरचं काही औषध चालू आहे का?"

मुंजाजीचा हात खिशातल्या पुडीवर गेला. जनावराचं दिलं म्हणून चारचौघात कसं सांगायचं? सिंधुबाई त्याच्याकडं बघायला लागली. शेवटी त्यानं खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली.

"म्या दिलं. तिला काय बोलू नका."

बाईंनी पुडी वाचली आन् खुर्ची पुढं ओढली. "मुंजाजीराव, यात जिवंत यीस्ट आहे. मेंढीच्या पोटात ते ठीक. पण हिच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत. ते रक्तात शिरलं तर तिथंच वाढू शकतं."

"आन् माणिकरावची गोळी?"

"ती यीस्टच्या कवचापासून काढतात, त्यात जिवंत काही नसतं. तिच्यावर अभ्यास चालू आहेत, पण तिनं पेशी वाढतीलच असं मी म्हणणार नाही. केमोच्या जागी तर मुळीच नाही. काहीही द्यायचं झालं तर आधी मला दाखवा."

सिंधुबाईला तिथंच ठेवून घेतलं. रक्त तपासायला गेलं. ताप येतोय का, ह्यावर नजर ठेवायची होती. मेंढराचा ताप कानाला हात लावला की कळतो. मुंजाजी तसाच घडीघडी सिंधुबाईच्या कानाला हात लावत राह्यला.

माणिकराव वरांड्यात येऊन बसला. "म्या कुठं मेंढराचं दे म्हणलतो बे?"

"तू न्हाईच म्हणला. म्याच मेंढरावर जास्त भरवसा ठेवला."

हे असं आमच्या मुंजाजीनंच बोलावं. दुसरा असता तर माणिकरावच्या गळ्यात घालून मोकळा झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. ताप न्हाई. पांढऱ्या पेशी जराशा वर आल्यात, पण सुईपुरत्या न्हाईत. रक्तात यीस्ट वाढतंय का, त्याचा रिपोर्ट यायला अजून दोन-चार दिवस लागत्याल, तवर इथंच. सुई परत पुढं गेली. मुंजाजी "बरं" म्हणला आन् कॉटखाली फरशीवरच आडवा झाला.

"आवं, पाय आत घ्या, लोकं तुडवत्याल."

त्यो कवाच झोपला होता. सिंधुबाईच कॉटवरून वाकली आन् दोन्ही हातांनी त्याचा पाय आत ओढला.