चौथा सिपारा

यावलात आमच्या भिंतीला भिंत लागून राहते ती जुलेखाअक्का तडवी. जन्म गेला केळीच्या बागांत मजुरी करण्यात. पण संध्याकाळी गल्लीतल्या पोरींना कुराण वाचायला शिकवते. नुसतं अरबी घोकून घेत नाही, शब्दाशब्दाचा अर्थ आपल्या बोलीत सांगते. ह्यावरूनच सगळी बोंब! "अक्का, अर्थ सांगणं मौलवींचं काम," असं मोठमोठे येऊन बजावून गेले. ती म्हणते, "मग पाठवा ना त्यांना! ते येवोस्तोर मी सांगू राह्यली." बाई नव्हे, ठेचाच नुसता.

गेल्या वर्षी पलीकडचे इस्माईलभाऊ वारले. त्यांच्यात तिसऱ्या दिवशी घरात कुराण वाचतात. त्याचे तीस भाग, म्हणजे सिपारे, जमलेल्या बायकांत वाटतात. गेलेल्याला त्याचं पुण्य, सवाब म्हणतात ते, पोचतं. मी चहाचं पातेलं घेऊन गेले होते. इस्माईलभाऊंची लेक शरीफा डोळे पुसत चौथा सिपारा वाचत होती. नवऱ्यानं टाकलेली, शिवणकामावर दोन लेकरं पोसणारी पोर. सिपारा तिच्या हातात ठेवला होता तिच्या थोरल्या भावानं, मुनाफनं.

आणि हाच मुनाफ बाहेर ओट्यावर मौलवींच्या शेजारी हक्कसोडीचा कागद घेऊन बसलेला! बापाच्या बागेतला वाटा सोड म्हणे. अरे, कबरीची माती तरी वाळू दे! माझं टाळकंच सरकलं. आमच्यात तरी काय वेगळं आहे म्हणा. राखीला साडी नेसवतात अन् मागाहून सही मागतात.

वाचन संपताच मुनाफ आत आला. "सही कर, मग दुआ करू."

शरीफानं मुकाट पेन घेतलं. भावाशी वाकडं घेतलं तर माहेर तुटतं, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

अक्का बसल्या जागेवरून कडाडली, "थांब गं! आता काय वाचलं तू? काढ परत." शरीफानं पान काढलं. अक्कानं ओळीवर बोट ठेवलं. "ऐक. आईबापानं मागं ठेवलं त्यात पुरुषांचा वाटा अन् बायांचाही वाटा. थोडं असो का जास्त, ठरवून दिलेला. हा शब्द बघ, मफरूजा. नमाज फर्ज म्हणतो ना आपण? तोच फर्ज हा. अल्लानं ठरवलाय, तुझ्या भावानं नाही."

"अर्थ सांगणारी तू कोण?" मुनाफ तडकला.

"मी नको ना? मौलवी बसलेत ओट्यावर. त्यांना विचार."

मौलवींनी ओट्यावरूनच ऐकलं होतं. दाढीवरून हात फिरवला. "अर्थ बरोबर आहे. पण हा घरातला मामला..."

"म्हणून तर घरात बसून सांगू राह्यली!"

शरीफानं पेन खाली ठेवलं आणि सिपारा उराशी धरला.

"भाऊ, अब्बांना सवाब पोचावा म्हणून तूच हा माझ्या हातात दिला ना? आता मी सही केली, तर त्यांना काय पोचंल?"